बाकी १, पण १ काय?

७०० ला ३० ने भागायचं उदाहरण पाचवीच्या वर्गात घाला. निम्मी मुलं आधी दोन्हीकडचं एकेक शून्य उडवतील. मग ७० ला ३ ने भाग, तीन वेळा तेवीस एकोणसत्तर, भागाकार २३, बाकी १. उत्तर सुबक दिसतं. आता ताळा पाहू. ३० × २३ म्हणजे ६९०, आणि ७०० मधून ६९० गेले की उरतात १०. भागाकार बरोबर आला आणि बाकी दहापटीने चुकली.

दादरच्या फुलबाजारात हाच हिशेब कुणी चुकत नाही. गजरा ३० रुपयांना आणि हातात ७०० रुपये असतील तर २३ गजरे घेऊन १० रुपये परत मिळतात. १ रुपया परत देणारा विक्रेता नाही आणि तो निमूट घेणारं गिऱ्हाईकही नाही. वहीवर मात्र ती १ बिनबोभाट खपते, कारण तिथे कुणी विचारत नाही की ही १ म्हणजे १ काय. शून्य उडवण्यात गैर काही नव्हतं. ७०० म्हणजे ७० दशक, ३० म्हणजे ३ दशक. शून्य उडवलं त्या क्षणी आपण दशकांत मोजायला लागलो. बाकी १ आली तीही १ दशक. ती परत एककांत आणायची राहिली, एवढंच.

भागाकार शिकवताना सगळा जोर भागाकारावर असतो आणि बाकी शेवटी ‘बा. १’ अशी कोपऱ्यात जाऊन बसते. मला हे फार चुकीचं वाटतं. बाकीला स्वतःचं माप असतं, आणि तिचा अर्थ भाजकाकडे पाहिल्याशिवाय लागत नाही. भागाकारात होणाऱ्या बहुतेक चुका या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होतात, आणि भागाकाराची बरीचशी गंमतही इथेच आहे.

आधी पाया पक्का करू. भाज्य = भाजक × भागाकार + बाकी. हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच्या शेजारची अट अनेकदा गळते: बाकी ० किंवा त्याहून मोठी, आणि भाजकापेक्षा लहान. अट काढली तर एकाच उदाहरणाची हवी तितकी उत्तरं निघतील. १७ = ५ × ३ + २ हे खरं आहे, १७ = ५ × २ + ७ हेही खरं आहे आणि १७ = ५ × १ + १२ हेही. वाटणी मध्येच थांबवली तर ७ उरतात, १२ उरतात. बाकी ५ पेक्षा लहान हवी याचा अर्थ आणखी एक पुरा वाटा निघणार नाही इथवर वाटणी न्यायची. तेव्हाच उत्तर एकच येतं. ५ ने भागल्यावर बाकी ०, १, २, ३, ४ यांतलीच असते, म्हणजे पाच प्रकारची. भाजक जितका, तितके बाकीचे प्रकार. भाजक ० का चालत नाही तेही याच अटीतून दिसतं. बाकी ० पेक्षा लहान हवी आणि ० किंवा मोठीही हवी, अशी संख्याच नाही.

आता प्रत्यक्ष भागाकार. ७४२ ला ३ ने भागताना आपण ‘सातला तीनने भाग’ म्हणतो खरं, पण तिथे सात कुठे आहेत? तिथे सातशे आहेत. म्हणून ही क्रिया एकदा नोटांनी करून पाहावी. शंभराच्या ७, दहाच्या ४ आणि रुपयाची २ नाणी, वाटायचे तिघांत. शंभराच्या प्रत्येकाला २ गेल्या, १ उरली. ती फाडता येत नाही, म्हणून सुटी करून आणायची: दहाच्या १० नोटा. आधीच्या ४ धरून १४ झाल्या. प्रत्येकाला ४, उरल्या २. त्यांचे सुटे केले की २० रुपये, वर आधीचे २, झाले २२. प्रत्येकाला ७, उरला १ रुपया. उत्तर २४७, बाकी १. ‘वरचा अंक खाली घेणे’ ही जी पायरी मुलं डोळे झाकून करतात, ती ही आहे: उरलेली मोठी नोट सुटी करून त्या सुट्ट्यांत पुढचे सुटे मिसळणे. भागाकाराची मांडणी म्हणजे दर पायरीला आलेली बाकी एकेक माप उतरवत नेणं. बेरीज, वजाबाकी, गुणाकार आपण उजवीकडून करतो आणि भागाकार तेवढा डावीकडून. त्याचंही कारण यातच आहे. उरलेलं मोठं नाणं सुटं करता येतं, म्हणून मोठ्यापासून सुरुवात करणं सोयीचं.

नोटा डोळ्यांसमोर असतील तर भागाकारातली सर्वांत चिवट चूक टळते. ४८३२ ÷ १६ घ्या. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, वर ३, खाली ०. पुढचा ३ खाली घेतला. ३ मध्ये १६ जात नाहीत. इथे मूल थांबत नाही; लगेच २ ही खाली घेतं, ३२ होतात, सोळा दुणे बत्तीस, वर २. उत्तर ३२, बाकी ०. खरं उत्तर ३०२. दहाच्या ३ नोटा १६ जणांत वाटायच्या होत्या, कुणालाच मिळाली नाही, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दशक ०. ते ० लिहायलाच हवं, कारण ते लिहिलं नाही तर आधी लिहिलेले ३ शतक घसरून ३ दशक होतात. याला एक सोपा नियम पुरतो: पहिला भाग लावून झाला की पुढे एक अंक खाली घेतला की एक अंक वर गेलाच पाहिजे, मग तो ० का असेना. दुसरी खबरदारी भाग लावण्याआधीच घ्यायची. १६ × १०० म्हणजे १६००, १६ × १००० म्हणजे १६०००. ४८३२ या दोहोंच्या मधे आहे, म्हणजे भागाकार तीन अंकीच येणार. ही नोंद समासात करून ठेवली तर ३२ हे उत्तर लिहिताना हात अडखळतो.

दोन अंकी भाजक आला की मुलं घाबरतात, कारण त्याचा पाढा पाठ नसतो. तिथे अंदाज बांधायला शिकवावं लागतं. ६५३२ ÷ ६८ मध्ये पहिला भाग ६५३ ला. ६८ ला ६० समजून अंदाज केला तर १० च्या वर भाग दिसतो, जे शक्यच नाही. ६८ हे ७० च्या जवळ आहेत, तेव्हा ७० धरायचे. सात नव्वे त्रेसष्ट, म्हणून ९ लावू: ६८ × ९ = ६१२, उरले ४१. २ खाली घेतला, ४१२. पुन्हा ७० धरून ५ लावले: ६८ × ५ = ३४०, उरले ७२. ही बाकी भाजकापेक्षा मोठी, म्हणजे आणखी एक भाग आत दडलेला आहे. ५ चे ६ केले: ४०८, उरले ४. उत्तर ९६, बाकी ४. भाजक वर ओढून अंदाज केला तर तो चुकला तरी कमीच पडतो, आणि कमी पडल्याचं बाकी स्वतः सांगते. भाजक खाली ओढला तर अंदाज जास्त होतो आणि वजाबाकीच होत नाही. पहिली चूक एक मिळवून दुरुस्त होते, दुसरीत सगळं खोडावं लागतं. म्हणून ६८ साठी ७०, आणि ६२ साठीही शंका असली तर ७० धरलेलं मला बरं वाटतं. एखादी पायरी वाढते, पण वही स्वच्छ राहते.

दशांश चिन्ह शिकवलं की एक नवी चूक जन्माला येते. १७ ÷ ५, भागाकार ३, बाकी २. मग उत्तर ३.२ असं लिहिलं जातं. दशांश चिन्हानंतरचा २ म्हणजे दहापैकी २, आणि आपली बाकी आहे पाचपैकी २. पाचपैकी २ म्हणजे दहापैकी ४, म्हणून ३.४. भाजक १० असेल तरच बाकी जशीच्या तशी दशांश चिन्हापुढे ठेवता येते. याच कारणाने दोन भागाकारांची तुलना नुसत्या बाकीवरून होत नाही. १६ ÷ ५ आणि १० ÷ ३ दोन्हींचं उत्तर ‘३, बाकी १’ असंच येतं. तरी पहिलं ३.२ आहे आणि दुसरं ३.३३ च्या पुढे. पहिली १ पाचातली, दुसरी तिनातली.

कॅल्क्युलेटरवर बाकी काढायची असेल तर हेच उलट करायचं. ६५३२ ÷ ६८ केलं की ९६.०५८८२३५ असं काहीतरी दिसतं. ९६ वजा केले, उरलेल्या ०.०५८८२३५ ला ६८ ने गुणलं की ३.९९९९९८ येतं, म्हणजे ४. ते ३ नव्हे. पडद्यावर मावले नाहीत ते अंक तुटलेले असतात, म्हणून जवळच्या पूर्णांकाला न्यायचं.

माप बदललं की बाकी बदलते, याचं सर्वांत देखणं उदाहरण जुन्या पैशांच्या हिशेबात आहे. १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पै. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. १० रुपये तिघांत वाटा. प्रत्येकाला ३ रुपये, बाकी १ रुपया. त्याचे १६ आणे: प्रत्येकाला ५, बाकी १ आणा. त्याचे ४ पैसे: प्रत्येकाला १, बाकी १ पैसा. त्याच्या ३ पै: प्रत्येकाला १, बाकी काही नाही. ३ रुपये ५ आणे १ पैसा १ पै, वाटणी तंतोतंत. आज तेच १० रुपये वाटले तर ३ रुपये ३३ पैसे आणि वर १ पैसा, जो वाटायला उपायच नाही, कारण पैशाखाली माप नाही आणि १०० ला ३ ने पूर्ण भाग जात नाही. उलट एक रुपया पाच जणांत वाटायचा असेल तर जुन्या हिशेबात ३८ पै देऊन २ पै उरतात आणि नव्यात सरळ २० पैसे. दोन्ही पद्धती आपापल्या विभाजकांच्या गुलाम. १९२ च्या विभाजकांत ३ आहे, ५ नाही; १०० च्या विभाजकांत ५ आहे, ३ नाही.

‘भाजक’ आणि ‘विभाजक’ इथे वेगळे करून सांगायला हवेत. ज्याने भागतो तो भाजक. बाकी उरो न उरो. भाग निःशेष गेला तरच त्या संख्येला विभाजक म्हणायचं. ५ हा १७ चा भाजक म्हणून वापरता येतो, पण १७ चा विभाजक नव्हे. केळी डझनाने विकण्याची रीत टिकून राहिली त्यात १२ च्या विभाजकांचा वाटा असणार असं मला वाटतं: १, २, ३, ४, ६, १२. अर्धा डझन, पाव डझन, दोघांत, तिघांत, चौघांत, सहांत, कशीही वाटा, केळं कापावं लागत नाही. १० ला फक्त १, २, ५, १०. मुंबईच्या लोकल एकेकाळी ९ डब्यांच्या होत्या, मग १२ डब्यांच्या आल्या, मग १५ च्याही. या गाड्या बहुधा तीन-तीन डब्यांचं युनिट जोडून बनत आल्या, म्हणून या तिन्ही संख्यांचा ३ हा समाईक विभाजक.

बाकी काढून झाल्यावर तिचं करायचं काय, हे गणित सांगत नाही, प्रश्न सांगतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे. ४०० च धरले तर ४०० ÷ १४ = २८, बाकी ८. डब्यात २८ बसले तर ८ जण फलाटावर राहतात. त्यांना सोडून तर जाता येत नाही, म्हणून ८ डब्यांत २९ आणि ६ डब्यांत २८. तपासून पाहा, २३२ आणि १६८ मिळून ४०० होतात. इथे बाकीने सांगितलं की किती डब्यांत एकेक माणूस जास्त बसवायचा. शाळेची सहल राणीच्या बागेत न्यायची, मुलं १३०, एका बसमध्ये ४०: भागाकार ३, बाकी १०, पण बस ठरवायच्या ४. हार करायचा, एका हाराला ४० फुलं, फुलं १३०: हार ३ च होणार, १० फुलांचा चौथा हार होत नाही. आकडे तेच, भागाकार तोच, बाकी तीच. एका ठिकाणी उत्तर ४ आणि दुसऱ्या ठिकाणी ३. आणि १३० रुपये ४० जणांत वाटायचे असते तर ३ रुपये २५ पैसे. पाठ्यपुस्तकातलं शाब्दिक उदाहरण सोडवताना मुलं भागाकार बरोबर करून गुण घालवतात ती इथे. उत्तर लिहिण्यापूर्वी ‘उरलेले १० कोण आहेत?’ एवढा प्रश्न विचारायची सवय लावली की झालं.

काही प्रश्नांत तर भागाकार फेकून द्यायचा आणि बाकीच ठेवायची. वरळीच्या किंवा नायगावच्या बीडीडी चाळीची ठेवण घ्या: तळमजला आणि वर तीन मजले, मजल्याला २० खोल्या, एकूण ८०. खोल्यांना तळमजल्यापासून सलग १ ते ८० क्रमांक आहेत असं धरू. खोली ५७ कुठल्या मजल्यावर? ५७ ÷ २० = २, बाकी १७. दुसरा मजला, सतरावी खोली, बरोबर. आता खोली ४० पाहा. ४० ÷ २० = २, बाकी ०. दुसऱ्या मजल्यावरची शून्यावी खोली? अशी खोली नसते. ४० ही पहिल्या मजल्यावरची शेवटची, विसावी खोली. गडबड अशी की बाकी ० पासून १९ पर्यंत धावते आणि खोल्या १ पासून २० पर्यंत. दोन्हींची सुरुवात एका रेषेत आणण्यासाठी भागण्याआधी क्रमांकातून १ वजा करायचा आणि बाकी आल्यावर १ मिळवायचा. ४० मधून १ गेला ३९; ३९ ÷ २० = १, बाकी १९; पहिला मजला, विसावी खोली. ५७ ला: ५६ ÷ २० = २, बाकी १६; दुसरा मजला, सतरावी. सगळ्या खोल्या जागच्या जागी बसतात. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारे या ठिकाणी हमखास ठेचकाळतात, आणि चूक फक्त प्रत्येक मजल्याच्या शेवटच्या खोलीला दिसते, त्यामुळे ती लवकर सापडतही नाही. चाचणी घेताना म्हणून आधी भाजकाच्या पटीतल्या संख्या घालून पाहाव्यात: २०, ४०, ६०, ८०.

वार काढण्याचं गणितही बाकीचंच. १५ ऑगस्ट १९४७ ला शुक्रवार होता. १ मे १९६० ला, महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा, कोणता वार? सगळे दिवस मोजून ४६४३ येतात, पण एवढे मोजायची गरज नाही. ३६५ ला ७ ने भागून बाकी १, म्हणून साधं वर्ष वाराला एक घर पुढे सरकवतं, लीप वर्ष दोन. १५ ऑगस्ट १९५९ पर्यंत १२ वर्षं, त्यांत २९ फेब्रुवारी तीनदा आला: १९४८, १९५२, १९५६. १२ आणि ३ मिळून १५, सातने भागून बाकी १, शनिवार. तिथून १ मे १९६० पर्यंत, वाटेतला १९६० चा २९ फेब्रुवारी धरून, २६० दिवस, २५९ ला ७ ने पूर्ण भाग जातो, बाकी १, रविवार. पूर्ण आठवडे वाटेतच टाकून देत गेलो तरी उत्तर ढळत नाही, कारण बेरजेची बाकी ही बाक्यांच्या बेरजेची बाकी असते. ४६४३ ला सरळ भागून पाहा: ६६३, बाकी २, शुक्रवारनंतर दोन घरं. लीप वर्षाचा नियमही विभाजकांचाच आहे. ४ ने निःशेष भाग गेला तर लीप. पण १०० ने जात असेल तर ४०० नेही गेला पाहिजे. म्हणून २००० लीप होतं, १९०० नव्हतं आणि २१०० असणार नाही.

मागे जायचं असेल तर बाकी ऋण दिसते. आता ३ वाजले आहेत, ५ तासांपूर्वी किती वाजले होते? ३ − ५ = −२, त्यात १२ मिळवले, १०. बाकी ० किंवा त्याहून मोठी हवी ही अट इथे कामाला येते. संगणकाच्या भाषांचं मात्र यावर एकमत नाही: −७ ला ३ ने भागून बाकी मागितली तर पायथॉन २ देतो, सी −१ देते. पायथॉनचा भागाकार −३ असतो, सीचा −२. ताळा दोन्हींचा जुळतो, कारण ३ × (−३) + २ आणि ३ × (−२) − १ दोन्ही −७ च.

विभाज्यतेच्या कसोट्या शाळेत पाठ करून घेतात आणि त्यांचं कारण क्वचित सांगतात. नऊची कसोटी नोटांनी लगेच कळते. दहाची नोट नऊ जणांत वाटली की प्रत्येकाला १ आणि १ रुपया उरतो. शंभराची वाटली की प्रत्येकाला ११ आणि १ उरतो. हजाराला १११ आणि पुन्हा १. म्हणजे नोट कुठलीही असो, नोटेमागे १ उरतो. उरलेले सगळे मोजायचे म्हणजे नोटाच मोजायच्या, म्हणजेच अंकांची बेरीज. ७४२ ला ७ + ४ + २ = १३, त्यातून ९ गेले, बाकी ४. ९ × ८२ = ७३८, बरोबर. तीनलाही हेच चालतं, कारण ९ ला ३ ने भाग जातो. चारला शेवटचे दोन अंक पुरतात, कारण १०० ला ४ ने भाग जातो. आठला शेवटचे तीन, कारण १००० ला ८ ने जातो. सातला सोपी कसोटी नाही असं म्हणतात, पण १००१ = ७ × ११ × १३ हे लक्षात ठेवलं की तिन्हींची एकत्र सोय होते. ४,५२,८६५ मध्ये शेवटचे तीन अंक ८६५, त्याआधीचे ४५२. वजा केले, ४१३. ४१३ ला ७ ने भाग जातो, म्हणून मूळ संख्येलाही जातो. ११ ने बाकी ६ आणि १३ ने बाकी १०, याही मूळ संख्येच्याच बाक्या. कसोटीने नुसतं ‘जातो की नाही’ एवढंच कळतं असं मुलांना वाटतं. नऊच्या आणि या कसोटीत प्रत्यक्ष बाकीही हाती येते, ते सांगायला हवं.

यातूनच नवाचा ताळा निघतो. ६५३२ ÷ ६८ चं उत्तर ९६, बाकी ४. ६८ चे ६ + ८ = १४, १ + ४ = ५. ९६ चे १५, मग ६. ५ × ६ = ३०, त्याचे ३; बाकीचे ४ मिळवले, ७. भाज्याचे ६ + ५ + ३ + २ = १६, मग ७. ताळा जुळला. पण हा ताळा कुठे फसतो तेही माहीत हवं. ९६ च्या जागी ६९ लिहिले तरी अंकांची बेरीज तीच, ताळा जुळेल. आणि मघाचं ४८३२ ÷ १६ आठवा: ३०२ लिहा की ३२, बेरीज ५ च. सर्वांत सामान्य चूक याला पकडता येत नाही. तिथे ११ ने ताळा घ्यावा, एक सोडून एक अंकांची बेरीज करून फरक काढावा. किंवा सरळ गुणून पाहावं.

मसावि काढायची भागाकार पद्धत ही माझ्या मते शाळेच्या गणितातली सर्वांत हुशार कृती आहे आणि ती सर्वांत रुक्षपणे शिकवली जाते. खोली ३४५ सेंमी लांब, २५५ सेंमी रुंद. एकही टाइल न कापता चौरस टाइल बसवायच्या, जास्तीत जास्त मोठ्या. ३४५ ÷ २५५, बाकी ९०. जी टाइल ३४५ मध्ये पुरी बसते आणि २५५ मध्येही, ती त्यांच्या फरकात, ९० मध्येही पुरी बसलीच पाहिजे. मग ३४५ चा विचार सोडून २५५ आणि ९० घ्यायचे. २५५ ÷ ९०, बाकी ७५. ९० ÷ ७५, बाकी १५. ७५ ÷ १५, बाकी ०. टाइल १५ सेंमीची. लांबीत २३, रुंदीत १७, एकूण ३९१. दर पायरीला बाकी भाजक होते आणि भाजक भाज्य होतो. बाकी दर वेळी लहान होत जाते, म्हणून ही क्रिया कुठेतरी थांबणारच. अवयव पाडायची गरज कुठेच पडली नाही, आणि म्हणूनच प्रचंड मोठ्या संख्यांनाही ही पद्धत पुरते.

याच आलटून-पालटून भागाकारावर आपल्याकडचा कुट्टक, म्हणजे बाक्यांवरून मूळ संख्या शोधायची जुनी रीत, उभा आहे. आर्यभटाने तो ४९९ च्या सुमारास सूत्ररूपाने दिला, ब्रह्मगुप्ताने आणि पुढे ११५० मध्ये भास्कराचार्यांनी तो विस्ताराने मांडला. या सगळ्यांच्या काळाची आणि ग्रंथांच्या अस्सलपणाची छाननी करणारा निबंध १८६५ मध्ये प्रसिद्ध केला तो मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. चाळीसगावजवळच्या पाटणचा, भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेखही त्यांनीच उजेडात आणला. भायखळ्याच्या संग्रहालयाला त्यांचं नाव आहे. तिथे जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्यांचं हे काम ठाऊक असतं, याचं वाईट वाटतं.

कुट्टकाचा प्रश्न भागाकाराच्या उलटा असतो: बाक्या दिल्या आहेत, भाज्य शोधा. आर्यभटाच्या ग्रंथावर ६२९ मध्ये भाष्य लिहिणाऱ्या पहिल्या भास्कराने असा प्रश्न घातला आहे: ८ ने भागून ५ उरतात, ९ ने भागून ४ आणि ७ ने भागून १, ती संख्या कोणती? कुट्टकाची पूर्ण रीत न शिकताही हा प्रश्न नुसत्या बाक्यांवर सुटतो. ८ ने भागून ५ उरणाऱ्या संख्या ५, १३, २१, २९... यांत ९ ने भागून ४ उरणारी पहिली १३. आता दोन्ही बाक्या न बिघडवता पुढे सरकायचं तर ८ आणि ९ दोघांनी भाग जाणारी उडी हवी, म्हणजे ७२ ची. १३ ला ७ ने भागून बाकी ६, हवी १. ७२ ला ७ ने भागून बाकी २, म्हणजे एक उडी मारली की सातची बाकी २ ने वाढते: ६ आणि २ आठ, त्यातून ७ गेले, १. एकाच उडीत काम झालं. १३ + ७२ = ८५. त्यापुढची हवी असेल तर ८ × ९ × ७ = ५०४ मिळवायचे, ५८९; मग १०९३.